शेलाचा पट्टा

काडतूस म्हणल्या असत्या तर मी त्याच दिवशी दाराला कडी घालून बसले असते, पुढचं काही घडलंच नसतं. पण त्या मॅडम शेल म्हणाल्या. आमच्यात बॅटरी म्हणजे टॉर्च, अन् शेल म्हणजे तिच्यात घालायचे ते शेल, दुसरं काय असतंय. मी आठवी शिकलेली बाई, मला कोण सांगणार की बंदुकीच्या काडतुसालाबी शिकलेली माणसं शेलच म्हणतात.

आमचे हे कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर. सकाळी शहरातून साहेब लोकांना वाळूजच्या कारखान्यावर सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. त्या गाडीत ह्या मॅडम. वाटंत त्यांनी ह्यांना विचारलं, तुमच्या घरी शिवणकाम करतात ना, मग मला कंबरेचा एक पट्टा शिवून देतील का, जादा शेल ठेवायचा. मला पळता पळता शेल काढून भरावे लागतात, आणि एक जरी अडकलं तर मी गेलेच. ह्यांचं अर्धं ध्यान समोरच्या ट्रकवर. घरी येऊन त्यांनी तेवढंच सांगितलं, वरून म्हणाले, शेल बारा नंबरचे हाईत म्हणं.

सासू दारात लसूण सोलायली होती. ती थांबली. म्हणाली, पळता पळता शेल बदलायचे म्हणजे त्या बाईच्या छातीत मशीन हाय. तिच्या माहेरी एका म्हाताऱ्याच्या छातीत बसवलेलं, त्याचं शेल संपलं की त्याला पुण्याला न्यायचे. हे म्हणाले, पण ती तर चांगली ठणठणीत दिसती की.

"शेल हाय तोवर दिसंलच," सासू म्हणाली.



म्हणजे मी शिवलेल्या कप्प्यात शेल अडकलं की ती बाई रस्त्यात पडणार, पोलीस येणार, पट्टा कुणी शिवला विचारणार, आणि माझं लेकरू तर अजून अंगावर पितंय. मी ह्यांना म्हणलं, नको म्हणून सांगा. पण नको कसं म्हणणार, शिवणाचं मशीन जायलं होतं माझं. म्हणजे मशीन तसं सासूचं. लेकरू झाल्यापासून माझं शिवण बंदच पडलं, मशीनवर नुसती दुपटी वाळायली होती, म्हणून सासूनं ते पैठणच्या थोरल्या जाऊला द्यायचं कबूल केलं होतं. जाऊ रविवारी येऊन घेऊन जाणार. मी लई रडले तवा सासू म्हणाली, बाहेरचं एक तरी काम नीट करून दाव, मग राहू दे तुझ्यापाशी. मला सगळ्याची भीती वाटती, फुग्याची वाटती, मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाची वाटती, पण मशीनवर बसले, पाय चालायला लागले की छातीतली धडधड कमी होती. त्या घरात तेवढी एकच जागा होती तशी.

म्हणून लेकरू कडेवर घेऊन शहागंजच्या बाजारात गेले. दुकानदार पांढऱ्या दाढीचे चाचा. पट्ट्याला नवार द्या आणि कप्प्यांना इलॅस्टिक द्या म्हणलं. कशाला पाहिजे विचारलं तर मी खरं ते सांगितलं, की एका बाईचं दिल शेलावर चालतं आणि तिला पळता पळता शेल बदलावे लागतात. चाचा वरच्या फळीवरचं बंडल काढून म्हणाले, "ये ले जा बेटा, ये ढीला नहीं पडता. और उसको बोल, भागने की क्या जरूरत है."

घरी सासूची लोखंडी बॅटरी होती, तिच्यात ते जाडजूड शेल. बारा नंबर म्हणजे मोठेच असणार असं आमचं ठरलं, आणि मी त्या मापानं कप्पे शिवले. मग सासू म्हणाली, बांधून पळून दाव. शेजारच्यांचेबी शेल मागून आणले. सगळे पट्ट्यात भरून मी फाटकापासून शेवग्याच्या झाडापर्यंत पळायचं, आणि मधीच सासू छातीवर हात ठेवून "संपलं" म्हणायची. ती संपलं म्हणली की मी शेल उपसून हात वर करायचा. उशीर झाला की ती नुसती म्हणायची, "मेली." मी परत फाटकापाशी जायचे. "मेली." परत. लेकरू दारात बसून टाळ्या पिटायलं. शेजारीण भिंतीवरून बघून गेली, थोड्या वेळानं परत येऊन विचारलं, कोण मेलं? सासू म्हणाली, अजून नाय कुणी.

गुरुवारी मॅडम पट्टा न्यायला घरी आल्या. माझ्याच वयाच्या, खांद्यावर जड बॅग, पायऱ्या दोन-दोन चढत आल्या. सासूनं त्यांना धरूनच कॉटवर बसवलं, पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडं फिरवला.

"कवापासून हाय हे तुला?"

"कॉलेजपासून, मावशी. घरातूनच आलं. आधी पप्पांना होतं."

"आता कसे हाईत पप्पा?"

"त्यांनी सोडलं. सगळं काढून कपाटात ठेवलंय."

"कपाटात," सासू म्हणाली, आणि माझ्याकडं बघत बसली.

मी घाईघाईनं पट्टा पुढं केला. मॅडमनी कप्प्यात बोट घालून बघितलं. लई मोठं झालंय म्हणाल्या, आणि बॅगेतून एक वस्तू काढून खाली फरशीवर ठेवली. लाल प्लास्टिकची नळी, बुडाला पितळ, अंगठ्याएवढी जाड. हे माझं शेल, म्हणाल्या. सासू म्हणाली, फॉरेनचं दिसतंय. तवर आमचं लेकरू रांगत गेलं आणि पितळाकडून ते तोंडात घातलं.

"असू द्या, वहिनी," मॅडम म्हणाल्या, "ते डमी आहे. बंदुकीचं असलं तरी आत दारू नाही त्याच्यात."

बंदुकीचं एवढंच मला ऐकू आलं. मी लेकरू उचललं आणि पळाले, दारातून, फाटकातून, गल्लीतून, पार किराणा दुकानापर्यंत. तिथं दम खायला थांबले तर लोक माझ्याकडं बघू लागले. मीबी खाली बघितलं. ते शेल लेकराच्या तोंडातच होतं. शेलापासून पळायले होते अन् शेल घेऊनच पळायले होते.

परत आले तवर मॅडम सासूला सगळं समजावून सांगत होत्या. खेळ असतो तो. मैदानात लोखंडाच्या ताटल्या उभ्या करतात, पळत पळत त्या बंदुकीनं पाडायच्या, घड्याळ लावलेलं असतं. बंदुकीत थोडेच शेल मावतात. ते संपले की कंबरेच्या पट्ट्यातून एका मुठीत तीन-चार उपसायचे आणि पळता पळताच आत ढकलायचे. ह्यातच सगळा वेळ जातो, नेम बरा असून त्या ह्यातच मागं पडतात. आणि बारा नंबर नाय, बारा बोअर, म्हणजे बंदुकीच्या नळीचं माप. खरं काडतूस दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं, कायदा हाय, म्हणून मापाला डमी आणलेत.

सासूला बरं वाटायला पाहिजे होतं. तिला राग आला.

"म्हणजे तुझ्या छातीत काहीच नाय?"

"नाही."

"मी तुझ्यासाठी नारळ बोललेय."

मॅडम म्हणाल्या, रविवारी स्पर्धा आहे, त्यासाठी फोडा. मग उठून त्यांनी पट्टा कंबरेला बांधला, डमी भरले आणि जागेवरच एक उडी मारली. सगळे शेल खाली. कॉटखाली गेले, चुलीकडं गेले, एक मोरीत गेलं. सासू म्हणाली, थोरली रविवारीच येती.

मॅडम डमी ठेवून गेल्या. आत दारू नाय असं त्यांनी दहादा सांगितलं, पण सासू म्हणाली, न फुटलेल्या फटाक्याला काय करतात? म्हणून तिनं सगळे शेल बादलीत पाणी भरून बुडवले आणि बादली अंगणात ठेवली, वर परात, परातीवर दगड. मी आत मशीनवर, शेल बाहेर बादलीत. माप लागलं की मी सांडशी घेऊन जायचे, दगड काढायचा, परात काढायची, एक शेल सांडशीत धरून हात लांब करून आत आणायचं. मशीनच्या पाटीवर पाणीच पाणी. कप्पा घट्ट झाला की शेल निघंना, सैल केला की उडी मारल्यावर पडायलं. उसवायचं, परत शिवायचं. सासू मधीमधी यायची, बघायची आणि सवयीनं "मेली" म्हणून जायची.

शनिवारी दुपारी मी पट्टा मांडीवर टाकून रडायले होते, तर लेकरू आलं आणि एक शेल ओढून काढलं. मग दुसरं. एवढ्याशा मुठीत दोन. मी त्याच्या हातातून घेऊन परत भरले, त्यानं परत काढले. मग मी पट्टा कंबरेला बांधून फाटकापर्यंत पळाले, शेवग्यापर्यंत पळाले, उड्या मारल्या. एकबी पडलं नाय. परत मांडीवर घेतला, लेकरानं परत काढले. म्हणजे लेकराच्या हातानं निघायला पाहिजे आणि माझ्या उडीनं पडायला नाय पाहिजे, एवढंच माप होतं. त्याच मापानं मी संध्याकाळपर्यंत सगळे कप्पे शिवले. कप्पा झाला की लेकराला द्यायचा. त्याला शेल काढता आलं तर पास. शेवटी त्याला झोप आली तरी मी त्याला उठवायले होते.

रविवारी हे आम्हाला घेऊन मैदानावर गेले. सासूला बघायचंच होतं, नारळ तिच्या पिशवीत. मी गाडीतून उतरलेच नाय. काचा वर, लेकरू मांडीवर, माझे दोन्ही हात लेकराच्या कानावर. माझे कान तसेच उघडे, त्याला तिसरा हात कुठून आणू. पहिला बार झाला आणि मी डोळे मिटले. मग बार, बार, बार, आणि मधीच एकदम शांत. शांत झालं की मला कळायचं, आता मॅडम शेल काढायल्या. तेवढ्या वेळात माझा जीव नुसता त्या इलॅस्टिकमधी अडकलेला. मशीन गेलं, मेली, मशीन गेलं, मेली, असं मी लेकराच्या टाळूवर तोंड ठेवून म्हणायले होते. परत बार सुरू झाले की श्वास घ्यायचे.

कुणीतरी काच वाजवली. मॅडम. घामानं भिजलेल्या, धापा टाकत काहीतरी बोलायल्या होत्या. मला काच खाली घेता येईना, हात लेकराच्या कानावर. शेवटी ह्यांनी दार उघडलं.

"एकपण अडकलं नाही, वहिनी. एकपण पडलं नाही."

त्यांच्या मागं अजून दोघं उभे होते, त्यांनाबी तसलेच पट्टे पाहिजे होते. नंबर कितवा आला ते मी विचारलंबी नाय. सासूनं त्यांना सांगितलं, दम धरा, शिवणारी एकटीच हाय. मग तिनं तिथंच नारळ फोडला आणि तिथंच उभी राहून पैठणला फोन लावला.

जाऊ तवर एसटीत बसली होती, मशीन बांधायला दोरी अन् पोतं घेऊन. सासू मोठ्यानं म्हणाली, मशीन राहू दे, धाकटीला काम लागलंय. कसलं काम, जाऊनं विचारलं. तेवढ्यात मैदानात पुढच्याची पाळी सुरू झाली, बार, बार, बार.

"आत्या, आवाज कसला यायलाय?"

"बंदुकीचा," सासू म्हणाली. "धाकटीचंच काम हाय हे. ह्या मॅडमला इतके दिवस जमंना, धाकटीनं दोन दिवसात जमवलं."

फोन बंद झाला. नंतर कळलं, एसटी सुटायच्या आत जाऊ खाली उतरली होती.

मशीन हाय माझ्यापाशी. पोळ्याला जाऊ आली, तवा मी तिला सगळं सांगणारच होते, पण तिनं सांगायला जागाच दिली नाय. एरवी ए धाकटे, पाणी आण म्हणणारी ती, दारातच थांबून म्हणाली, अहो, पाणी मिळंल का जरा. मी पाणी दिलं. ती कॉटच्या टोकाला बसली, मशीनपासून लांब, पदर सावरून. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली आणि आम्ही दोघीबी दचकलो, मी कुकरकडं बघून, आणि ती माझ्याकडं.