पलंगाखालची बादली

आमच्या सासूबाईंनी बावन्न वर्षांत एक पेलाही शिळा काढा विकला नाही. हे मी कौतुकानं सांगतेय असं वाटेल, पण या एका गोष्टीपायी आमच्या घरात जे रामायण झालं ते तुम्ही ऐकलं नाहीये अजून.

शाम शुई पो या जुन्या वस्तीत त्यांचं काढ्याचं दुकान होतं. त्यांचं नाव युएत-हो, पण अख्ख्या गल्लीला त्या हो-काकू. पहाटे चोवीस प्रकारच्या काड्या-पानांचा काढा उकळायचा, घसा बसलेल्या, तोंड आलेल्या, उष्णता वाढलेल्या माणसांना दिवसभर तो पाजायचा आणि संध्याकाळी उरेल तो सरळ मोरीत ओतायचा. गिऱ्हाईक दारात आलं तरी ओतायचा. काउंटरवर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती : ‘शिळा काढा मिळत नाही.’ काढ्यावर फेस दिसला तर दुपारी बारालासुद्धा अख्खं पातेलं रिकामं करायच्या, आणि वर ज्यानं झाकण नीट लावलं नाही त्याचा उद्धार.

तीन वर्षांपूर्वी दुकानाची इमारत पाडली. सासूबाई त्यांच्या औषधांच्या बरण्या आणि ती पाटी घेऊन ख्वाय चुंगला आमच्याकडे राहायला आल्या.

आमचं घर म्हणजे एक खोली आणि तिला जोडलेली सबब. स्वयंपाकघरात एकानं वळायचं तर दुसऱ्यानं बाहेर यायचं. जेवणाचं टेबल जेवण झालं की भिंतीला जातं. फळीच्या आडोशामागे मी आणि माझा नवरा किन-तुंग. बाहेर दुमजली पलंग, वर आमची तेरा वर्षांची हेई-यू, खाली सासूबाई. त्यांच्या पलंगाखाली बरण्या, आणि पाटी भिंतीला टेकवून पायथ्याशी.

मागच्या वसंतातल्या नववर्षानंतर त्यांनी एकदा भात वाढता वाढता सांगितलं, “टेकडीखालच्या वृद्धाश्रमात नाव घातलंय मी. खाट रिकामी झाली की फोन येईल.”

“नको हो आई,” मी म्हणाले.

“नको काय? पोरगी मोठी झाली, तिला कपडे बदलायला आडोसा नाही. तू मासा घे, गार होतोय.”

मी मासा घेतला. खोटं कशाला बोलू, मी ‘नको’ म्हणाले ते एकदाच. हेई-यूला आडोसा नाही हे मलाही रोज दिसत होतं, आणि पलंगाखालची जागा मोकळी झाली तर तिथे काय काय मावेल याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला होता. त्याची लाज मला नंतर वाटली. किन-तुंग मान खाली घालून जेवत राहिला. आमच्याकडच्या पुरुषांची ही जुनी युक्ती आहे, संकट आलं की वाडग्यात तोंड घालायचं.

हा माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींत लोंबकळतोय. एप्रिलमध्ये त्याच्या डोक्यात आलं की घरी बिअर करायची. त्याच्या बरोबरचा एक मेकॅनिक करतो म्हणे.

“कुठे करणार? माझ्या डोक्यावर?” मी विचारलं.

“दहाच लिटर. एक बादली. अगं, आयुष्यात एक तरी गोष्ट अशी करू दे की जी केल्यावर कोणी बटण दाबणार नाही.”

एका रविवारी तो भरडलेला, मोड काढून वाळवलेला सातू घेऊन आला. सासूबाईंनी मूठभर हातात घेऊन हुंगला.

“हे होतं की माझ्याकडे. पोट जड झालं की देतात. कोणाचं पोट बिघडलंय?”

“बिअर करतोय, आई.”

“बिअर कारखान्यात होते,” म्हणून त्या पुन्हा शेंगा सोलायला बसल्या.

सातू कापडी पिशवीत बांधून तासभर गरम पाण्यात ठेवला. मग पिशवी काढून ते गोड पाणी उकळलं, त्यात हॉप्सची कडू हिरवी फुलं घातली. घरभर असा वास सुटला की शेजारच्या मोक-वहिनी दारात येऊन म्हणाल्या, “हो-काकू, दुकान पुन्हा सुरू केलंत की काय? माझा घसा कालपासून खवखवतोय.” मी बघितलं, सासूबाईंनी शेंगा सोलणं थांबवून दोनदा जोरात श्वास घेतला.

पातेलं न्हाणीघरात बर्फाच्या टबात ठेवून गार केलं. तोवर कोणाला आत जाता आलं नाही. हेई-यू तर मोक-वहिनींकडे जाऊन आली. मग बादलीत ओतून, यीस्ट घालून, हवा बाहेर जाईल पण आत येणार नाही अशी नळी बसवलेलं झाकण लावलं. आता ही ठेवायची कुठे? खिडकीत ऊन, चुलीजवळ गरम, न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नाही. राहिला सासूबाईंचा पलंग. त्यांनी बरण्या बाहेर काढल्या, लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांच्या मोठ्या पिशवीत भरल्या. तीच पिशवी त्या वृद्धाश्रमात न्यायला म्हणून आणली होती.

मंगळवारी आम्ही दोघं कामावर, पोरगी शाळेत. सासूबाई एकट्या. पलंगाखालून बुळुक बुळुक आवाज येत होता. त्या दिवशी उकडतही भयंकर होतं. जेवणानंतर त्यांनी वाकून बघितलं, तर नळीतून तपकिरी फेस बाहेर येऊन फरशीवर ओघळलेला.

बावन्न वर्षं काढा उकळलेल्या हातांना विचार करायला वेळ लागत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं ती बादली ओढत स्वयंपाकघरात नेली, झाकण उघडलं, आंबूस वास घेतला, आणि पोराचं नुकसान होऊ नये म्हणून सगळं पातेल्यात घालून खळाखळा उकळलं. दोनदा. मग गाळून चार थर्मासमध्ये भरलं. बादली आधणाच्या पाण्यानं घासली, खिडकीबाहेरच्या बांबूवर पालथी घातली. मोक-वहिनींच्या घशासाठी एक पेला पाठवला.

संध्याकाळी किन-तुंग दारातून आत आला तेव्हा टेबलावर चार थर्मास ओळीनं उभे होते आणि सासूबाईंचा चेहरा उजळलेला होता.

“फसफसला होता रे. पण वेळेवर बघितलं, वाचवला. घे, गरम आहे तोवर पी.”

त्यानं बांबूवरच्या बादलीकडे बघितलं. पेला हातात घेतला, एक घोट घेतला आणि तो टेबलावर ठेवला. उकळल्यावर यीस्ट मेलं होतं, आता त्याची बिअर होणार नव्हती. हा माणूस कधी आवाज चढवत नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, मी चढवते, तो नाही. त्या दिवशी मात्र ओरडला.

“या घरात माझी म्हणून एक बादली ठेवायला जागा नाही!”

सासूबाईंनी तो पेला उचलला, मोरीत ओतला, विसळला. मग पलंगावर जाऊन पिशवीची चेन लावली. बादलीवरून बोललेलं वाक्य त्यांनी बादलीपुरतं ऐकलं नव्हतं, हे मला कळलं आणि त्यालाही. पण शब्द बाहेर पडून गेले होते. मोक-वहिनी तेवढ्यात दारात येऊन सांगून गेल्या की घसा बरा वाटतोय. कोणी हसलं नाही.

त्यानंतरचे चार दिवस आमच्या घरात फक्त वाट्या-चमचे बोलत होते. सासूबाई रोज फोनजवळ बसायच्या. किन-तुंग रोज रात्रीच्या जेवणात माशाच्या पोटाचा मऊ तुकडा काढून त्यांच्या वाडग्यात ठेवायचा. त्या खायच्या, पण त्याच्याकडे बघायच्या नाहीत. ‘चुकलं’ हा शब्द त्याच्या तोंडून निघणार नाही हे मला माहीत होतं. त्याच्या बापाच्याही निघत नव्हता म्हणे. शेवटी मी त्याला फळीच्या आड गाठलं.

“मासा पुरे. तोंडानं बोल काहीतरी.”

“काय बोलू?”

“ते मी कशाला सांगू? आई तुझी आहे.”

रविवारी तो पुन्हा सातू घेऊन आला. मला वाटलं आता आगीत तेल. पण त्यानं पिशवी खाली ठेवली आणि लहान स्टुलावर, बरोबर आईसमोर बसला.

“आई, मे महिना लागला. बादली गार राहायला हवी आणि आम्ही कोणी दिवसा घरी नसतो. तुझ्या दुकानात तू काढा कसा गार ठेवायचीस?”

सासूबाईंनी पिशवीतला सातू चिमटीत घेऊन हुंगला. मग म्हणाल्या, “तू मागच्या वेळी बर्फ आणलास तेव्हाच मला हसू आलं होतं. ओला टॉवेल गुंडाळायचा, पुढे पंखा लावायचा. टॉवेल सुकला की बदलायचा. दर दीड तासानं.”

“कोण बदलणार?”

“मी काय मेलेय?”

“पण उघडायची नाही. फेस आला तरी.”

“फेस आला तरी?”

“आला तरच बरं.”

“किती दिवस?”

“चौदा. मग बाटल्यांत भरून आणखी चौदा.”

“अठ्ठावीस दिवस शिळं!” त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच जबाबदार. “आणि ते लोकांना प्यायला द्यायचं?”

“शिळं नाही आई,” किन-तुंग म्हणाला. “मुरतंय. शिळं वेगळं, मुरलेलं वेगळं. तुझ्या बरणीतली संत्र्याची साल किती वर्षांची आहे?”

“चाळीस.”

“मग?”

त्यावर त्यांनी नाक पुसलं. हरल्या की त्या असंच करतात.

यावेळी सातू त्यांनी भिजवला, पिशवी त्यांनी पिळली आणि पोराला तीन वेळा स्वयंपाकघरातून हाकललं. बादली पलंगाखाली गेली. तिच्याभोवती माझा चांगला पांढरा टॉवेल गुंडाळला, आणि मी काही बोलले नाही, ही माझी तपश्चर्या धरा. तिसऱ्या दिवशी फेस वर आला तेव्हा त्यांनी मला कामावर फोन केला.

“आलाय.”

“हात लावू नका, आई.”

“नाही लावत. हात पाठीमागे धरलेत.”

दोन हातांतला एक फोनला असणार, हे मी त्यांना सुचवलं नाही.

नवव्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी सासूबाई पलंगापुढे लहान स्टुलावर बसून बादलीचा टॉवेल चाचपत होत्या. टेबलावरचा फोन वाजला. मी उचलणार तोच त्यांनी उचलला. पलीकडचा आवाज खणखणीत होता, मलाही ऐकू येत होता. खाट रिकामी झाली होती. खिडकीजवळची. गुरुवारपर्यंत यायचं.

चेन लावलेली ती पिशवी अजून पलंगाच्या पायथ्याशी होती. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग वाकून पलंगाखाली बघितलं.

“गुरुवारी...” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. “गुरुवार म्हणजे बारावा दिवस होईल हो. चौदा लागतात. कशाचे म्हणजे? मुरायला ठेवलंय मी... थांबा जरा, सूनबाईंशी बोला.”

फोन माझ्या हातात आला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, बादलीकडे बघत होत्या. पण टॉवेलवरचा हात हलत नव्हता.

“मॅडम, नक्की काय करायचं?” पलीकडची बाई विचारत होती. “रांगेत बरेच लोक आहेत. यांना खाट हवी की नको?”

“नको,” मी म्हणाले.

“या महिन्यात नको, की—”

“कधीच नको. आमच्या घरात जागा आहे.”

माझा आवाज जरा मोठाच निघाला. मोक-वहिनींनासुद्धा ऐकू गेला असेल. फोन ठेवला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. सासूबाईंची पाठ माझ्याकडेच होती. पलंगाखाली एकदा बुळुक झालं.

“झालं ना बोलून?” त्या म्हणाल्या. “मग उभी काय राहिलीस? टॉवेल सुकलाय, दुसरा पिळून आण.”