दमले की रमले

मार्चच्या अखेरीस अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये पिवळा रंग उतरतो. पाइनच्या झाडांचे पराग इतके अलगद, इतके अविरत झरत राहतात की गाड्यांच्या काचा, घरामागच्या डेकवरच्या खुर्च्या, पत्रपेटीचं झाकण, सगळ्यांवर कुणी हळदीचा हात फिरवून गेल्यासारखं वाटतं. दर वर्षी मी कुरकुरत गाडी धुते. यंदा मात्र चहाचा कप हातात धरून नुसती बसून राहिले, कारण डोळ्यांसमोर मॉरिसव्हिल नव्हतंच. अटलांटिकपलीकडच्या, चढ-उतारांच्या एका शहरात माझी लेक सई होती, आणि माझं मनही तिथंच तरंगत होतं.

सई कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि या एका सेमिस्टरपुरती लिस्बनला शिकायला गेली आहे. तिच्या वयाची असताना नागपूरहून पुण्याला जाणंदेखील मला परदेशगमन वाटे! त्यामुळे तिला निरोप देताना कौतुक, धास्ती आणि चिमूटभर हेवा असं सगळंच मनात दाटून आलं होतं. या संधीचं सोनं व्हावं म्हणून मी काय केलं असेल? यादी! मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. खूण केल्याशिवाय मला जगातलं काहीच पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. नदीकाठचा बुरूज, जुना मठ, निळ्या फरश्यांचं संग्रहालय, सुट्टीत शेजारचे दोन देश. एवढ्या लांब गेली आहेस तर सगळं बघून घे, हा माझा घोष. ती दर रविवारी फोटो पाठवी, मी खुणा करी, आणि कधी न पाहिलेल्या त्या गल्ल्यांतून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून, ट्रामच्या घंटानादात मी दिवसाढवळ्या स्वप्नात हिंडत असे. कुणाचं सेमिस्टर चाललं होतं, तिचं की माझं?

फेब्रुवारीत एका सकाळी तिचा मेसेज आला होता, रोमन अक्षरांतल्या मराठीत: ‘आई, मी इथे दमले.’ सई जन्मली, वाढली इथेच. एरवी इंग्रजीच लिहिते, अगदी आतलं काही असलं की मात्र मराठीत येते. हे ठाऊक असून मी काय वाचलं? ‘रमले’! फोनवर र आणि द यांची रोमन अक्षरं अगदी खेटून असतात, बोट घसरलं असणार. चुका शोधण्यात मी पटाईत ना! मैत्रिणींना सांगून टाकलं की पोरगी छान रमली, आणि यादीत आणखी चार गावं घातली.

परागांच्या त्या सकाळी चहा संपायच्या आत तिचा फोन आला. ती रडत होती.

‘आई, आय ॲम डन. उरलेलं सेमिस्टर कॅन्सल करते. मला घरी यायचंय.’

‘अगं, पण तूच तर लिहिलंस ना, रमले म्हणून?’

‘दमले लिहिलं होतं, आई! दमले, ॲज इन टायर्ड! माझी इथे एकपण फ्रेंड नाहीये. मी फक्त तुझ्यासाठी फोटो काढत फिरते, यार.’

मला स्वतःची अतोनात लाज वाटली. परक्या शहरातला मुक्काम सार्थकी कशानं लागतो, याचा मी एवढा विचार केला, आणि लेकीनं लिहिलेला एक शब्द मला धड वाचता आला नाही! मी म्हणाले, ‘ती यादी डिलीट कर. कुठेही जाऊ नकोस. बटाट्याची भाजी कर, गरम खा. यायचं की नाही, ते आठवड्यानं ठरवू.’

तो आठवडा फार लांबला. एक फोटो नाही, एक अक्षर नाही. ती परत आली तर हे अपयश जन्मभर मनात धरून बसेल, या भीतीनं माझं कामात लक्ष लागेना.

मग तिचा फोन आला, आणि आवाजात हसू होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात ती बोटानं बटाटे दाखवत होती, तेव्हा म्हाताऱ्या दुकानदारबाईंनी विचारलं, ‘बटाटा?’ ‘आई, ती बटाटा म्हणाली! लाइक, आपला बटाटा!’ सई तिथंच हसत सुटली, बाईही हसल्या. मग दोघींचा साबणही एकच निघाला, चावीही एकच. शतकांपूर्वी जहाजांतून आमच्या किनाऱ्याला लागलेले हे पोर्तुगीज शब्द आमच्या स्वयंपाकघरात असे मिसळून गेले की त्यांना कुणी गाव विचारत नाही! आता सई रोज त्या दुकानात जाते, बाईंकडून नवा शब्द घेते, त्यांना मराठी शब्द देते. संग्रहालय राहिलं ते राहिलंच.

‘मी थांबतेय, आई,’ काल ती म्हणाली. ‘आता रमले. आणि तू? तू मॉरिसव्हिलला कधी रमलीस?’

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. उत्तर मात्र लगेच आलं.

‘तू झालीस तेव्हा.’

ती अगदी हळू, एकही इंग्रजी शब्द न घालता म्हणाली, ‘आणि आता मी तिथे नाहीये, तर तू काय करतेस गं दिवसभर?’




मी खरं ते सांगितलं. ‘तुझी वाट बघते,’ म्हणाले, ‘पण तू सावकाश ये.’