भिंतीपलीकडचं सोनं

बिट्टन मार्केटमधून काल आपट्याची पानं आणली. पिशवी उघडताच तो हिरवट, तुरट वास आला आणि मी थेट लहानपणीच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, आमच्या क्वार्टर्समागच्या भिंतीपाशी जाऊन पोचले.

दसऱ्याला तिथली आम्ही मराठी मंडळी सीमोल्लंघन म्हणून भिंतीचं मागचं फाटक ओलांडायचो. पलीकडे जंगलच. आपट्याची पानं तोडायची, उतरत्या उन्हात चरणारी सांबरं बघायची आणि परतायचं. एका वर्षी एक मोठं सांबर चरता चरता थांबलं. शेपूट ताठ, कान आमच्याकडे. त्यानं पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि असं ओरडलं, की आईच्या हातातली फांदीच सुटली.

"आपल्याला घाबरलं!" मी हसले.

शेजारचे ग्वाल्हेरचे काका हसले नाहीत. "आपल्याला नाही, बेटा," ते हळूच म्हणाले. "ते आपल्या पाठीमागे बघतंय."

मागे उंच वाळकं गवत होतं आणि गवतापलीकडे आमचं फाटक. घरी जायची वाट तेवढीच. कुणी वळलं नाही. सांबरानं पुन्हा चरायला मान खाली घालेपर्यंत आम्ही सगळे मुठीत पानं घेऊन उभेच होतो.

मग एकमेकांना धरून निघालो. वाटेवरच्या धुळीत येतानाचे आमच्या चपलांचे ठसे होते. माझ्या इवल्या ठशावर एक रुंद पंजा उमटला होता.

तेव्हा मी ती गंमत शाळाभर सांगत फिरले. आता नातीच्या हातावर सोनं ठेवताना माझी नजर आधी तिच्या पाठीमागे जाते.