आत्याचे साडेसहा मार्क

गणिताला घाबरणारी माणसं मी रोज पाहतो, माझा धंदाच तो आहे. पण गणितानंच जिला वचकून राहावं अशी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली. ती म्हणजे माझी पुणतांब्याची आत्या. मी नगरजवळच्या केडगावात बारावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घेतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीची आवराआवर करताना आत्याला तिच्या मुलीचं बारावीचं गणिताचं पुस्तक सापडलं. दुसऱ्या कुणी ते रद्दीत टाकलं असतं. आत्या वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते उघडून ओट्यावर बसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मला फोन आला, "पोरा, हे डेरिव्हेटिव्ह म्हंजी नेमकं काय रं?"

त्या दिवसापासून रोज साडेसहाला मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून तिचा वर्ग सुरू व्हायचा. माझे विद्यार्थी सांगितलेलं मुकाट उतरवून घेतात. आत्याला मात्र प्रत्येक गोष्ट पटावी लागे, आणि पटेपर्यंत ती भांडत असे. "शून्यानं भागायचं न्हाई म्हनतोस, आन हळूच शून्याच्या जवळ जाऊन भागतोस. ही चलाखी झाली!" यावर मी लिमिट समजवायला गेलो आणि लिमिट म्हणजे मर्यादा असं भोळेपणानं सांगून बसलो. "मर्यादा मला नगं शिकवू," ती भाकरी थापत म्हणाली, "सदतीस वर्सं या घरात तेच केलंय. पुढचं सांग."

शिकलेलं वापरून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, पेरूची बाग सांभाळणारा शांत माणूस. त्यांनी गोठ्याच्या भिंतीला लागून साठ फूट जाळीत कोंबड्यांसाठी चाळीस बाय दहाचं कुंपण केलं होतं. आत्यानं वहीत गणित मांडलं, आणि तेवढ्याच जाळीत तीस बाय पंधरा केलं तर पन्नास चौरस फूट जागा जास्त मिळते असं काढून मामांना सगळे खांब उपटायला लावले. "कोंबड्या काय जागा मोजाया बसल्यात व्हय?" मामा पहार टेकवत म्हणाले. "त्या न्हाई मोजत, म्हनून मी मोजती," आत्या म्हणाली. पाहुण्यांना चहाच्या आधी ते कुंपण दाखवायची पद्धत त्या घरात तेव्हापासून पडली.

गेल्या हिवाळ्यात ती सकाळच्या गाडीनं नगरला उतरली आणि रिक्षा करून थेट माझ्या क्लासवर आली. त्या दिवशी इंटिग्रेशनची वीस मार्कांची चाचणी होती. "मला बी पेपर दे," म्हणत ती पहिल्या बाकावर बसली. शेजारच्या मुलीनं वहीत डोकावताच तिनं पदर आडवा धरला. पेपर तपासला तेव्हा तिला बरोबर सात मार्क पडले. पास! मुलांनी टाळ्या वाजवल्या, मी पेढे वाटले, आत्या लाजून लाल झाली आणि पेपर पिशवीत घालून गावी गेली.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोन आला नाही. नंतरही नाही. आठवडाभरानं मीच केला, तर मामा दबक्या आवाजात म्हणाले, "रागावलीय. तूच ये."

रविवारी पुणतांब्याला गेलो. आत्यानं पाणी दिलं आणि समोर पेपर ठेवला. "तिसऱ्या गनितात उत्तराफुडं मी 'अधिक सी' लिवला न्हाई. पोरांचा त्यापायी अर्धा मार्क कापलास. माझा का न्हाई?"

इंटिग्रेशनच्या उत्तरापुढे तो स्थिरांक लिहावाच लागतो. तो अर्धा मार्क कापला असता तर ती साडेसहावर नापास होत होती. मायेपोटी केलं, असं मी पुटपुटलो.

"माया जेवताना कर. पेपरात करू नगं," ती म्हणाली. मी लाल पेन काढलं आणि साडेसहा लिहिलं. ते पाहून तिचा चेहरा खुलला. "आता नवा पेपर काढ."

मी ओसरीत बसून वीस मार्कांची पाच गणितं काढली. तासभर ती डोकं वर न काढता लिहीत होती. मामांनी चूल फुंकून स्वतः चहा केला, तो घोटभर पिऊन तिनं बाजूला सारला. मी पेपर दुष्टासारखा तपासला. एका चिन्हासाठी अर्धा मार्क कापला, एका गाळलेल्या पायरीसाठी एक, अर्धवट सुटलेल्या दोन गणितांचे साडेपाच. तरी तेरा पडले.

आत्यानं बेरीज दोनदा करून पाहिली. मग चष्मा काढून पदरानं पुसत म्हणाली, "बारावीला आमचे सर इंटिग्रेशनला आले, आन माझं लग्न ठरलं. परीक्षेला बसलेच न्हाई. कुनाचा राग न्हाई बाबा, मामा तुझे गुनाचेच हायेत. फकस्त मला बघायचं हुतं, तवा जमलं असतं का न्हाई."

"जमलं असतं, आत्या."

"व्हय," ती म्हणाली. "जमलं असतं." आणि तिनं तो कागद घडी करून त्या बारावीच्या पुस्तकात ठेवला. पेरूच्या बागेतून मामा पाखरं हाकत होते, त्यांचा आवाज तेवढा येत होता.