धाकटीचं जर्मन

आमच्या घरातल्या मिठाच्या डब्यावर खडूनं 'झाल्त्स' लिहिलेलं होतं. दारावर 'ट्यूर', खुर्चीवर 'श्टूल', आणि माझ्या कपाटावर तर एवढं लांबलचक काहीतरी की मी तणतणत ओलं फडकं घेऊन धावले होते. पण धाकटी म्हणाली, "ताई, कपाट राहू द्या ना, तेच पाठ होत नाहीये." मग काय, राहू दिलं. धाकटी म्हणजे माझी जाऊ. खडू शिवणकामाचा. कपडे दुरुस्त करून द्यायचं काम करते ती. झिपा बदलायच्या, कंबर सैल करायची, पायाला तुरपाई घालायची.

तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा भाऊजी जर्मनीतल्या कारखान्यात गेले. भाषेची परीक्षा दे, पास झालीस की बोलावून घेतो, असं सांगून गेले. बिचारीचं सगळं त्या एका वाक्याला टांगलेलं. माहेरी कुणी उरलं नव्हतं, आणि नवऱ्याशिवाय सासरी किती दिवस गोड बोलून काढणार?

तिची शिकायची तऱ्हा वेगळीच होती. एका टिपेला एक वाक्य. मशीन सुरू झालं की वाक्य सुरू, दोरा तोडला की वाक्य संपलं. चुकलं तर चांगली शिवणही उसवायची आणि पुन्हा म्हणत घालायची. मी म्हणायचे, अगं वेडे, गिऱ्हाइकाच्या पँटीचा काय गुन्हा?

पहिल्या फटक्यात पास झाली ती. भाऊजींना फोन केला, तर म्हणाले, हे पुस्तकी झालं. इथे असं कुणी बोलत नाही, लोक हसतील तुला. आधी घरात बोलतात तसं, रोजचं शीक. ती शिकली. पुढची परीक्षाही दिली. पुन्हा तेच, अजून बोलीत मुरलं नाही म्हणे. मला राहवेना. मी फोन ओढून घेतला आणि विचारलं, का हो भाऊजी, तिथली पोरं काय परीक्षा देऊन आईशी बोलतात? हसण्यावारी नेलं त्यांनी. मला संशय तेव्हाच आला होता, पण तिच्या तोंडावर ते म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मग ती मोबाइलवर त्यांच्या स्वयंपाकघरांतल्या गप्पा ऐकायला लागली. बायका नवऱ्याला कशा हाका मारतात, पोरांना कशा दटावतात, निघताना काय म्हणतात. 'माख्स गूट' म्हणजे जपून राहा, हे मलाही येतं आता. 'गेनाऊ' तर आमच्या सासूबाईसुद्धा म्हणायला लागल्या. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं की, गेनाऊ.

त्या रविवारी संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. तिच्या हातात बाही होती, म्हणून फोन स्पीकरवर लावून मशीनला टेकवला होता. मी समोरच बटणं लावत बसले होते. भाऊजी नेहमीचंच सांगत होते, कारखान्यात गडबड आहे, पुढच्या वर्षी बघू. तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला. भरभर, सहज. मग एका लेकराचा. त्यातला मला एकच शब्द कळला, 'पापा', आणि तो शिकायला क्लास लावावा लागत नाही.

"टीव्ही चालू आहे," भाऊजी म्हणाले.

धाकटीचा पाय थांबला. सुई बाहीत रुतलेली तशीच राहिली. तिनं फोनकडे बघितलं आणि त्या बायका बोलतात तसंच, अगदी घरगुती सुरात म्हणाली, "गे रूइश एसन. झोन्स्ट विर्ट्स काल्ट."

 पलीकडून फोन बंद झाला.

मी विचारलं, काय म्हणालीस गं?

"जा, जेवून घ्या म्हटलं. नाहीतर गार होईल." आणि बाही सोडवत म्हणाली, "ती तेच सांगत होती ताई. लाडानं."

माझा जीव नुसता जळला. वाटलं पुन्हा फोन लावावा आणि त्या मेल्याला असं झाडावं की सात पिढ्या आठवतील. तिनं माझा हात धरून ठेवला. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यानंच शिकायला लावलं होतं ना सगळं, घरात बोलतात तसं? घ्या आता. एक शब्द सुटला नाही तिच्या कानातून.

सकाळी उठून बघते तर डबे, दार, खुर्ची, कपाट, सगळं पुसून लख्ख. धाकटी मशीनवर. तीच बाही, तोंड मिटलेलं. सासूबाई बाहेर आल्या. कपाटाकडे बघितलं, खूश झाल्या. म्हणाल्या, सगळं पुसलंस, म्हणजे झालं वाटतं शिकून. आता कधी बोलावतोय माझा लेक?

मी तोंड उघडलंच होतं.

"नाही आई," धाकटी म्हणाली, "माझं बोलणं अजून कच्चं आहे."

आणि तिनं मशीन चालू केलं.