मोर मेमरीत मावेना

"कांबळे, मोर कुठाय?" हेगडे साहेबांनी चौथ्यांदा विचारलं.

टीव्हीच्या पडद्यावर मोर नव्हता. 'नो रूम' एवढीच अक्षरं होती. म्हणजे मेमरीत जागा नाही.

हे ऐंशीच्या दशकातलं. मी बेळगावात कॉम्प्युटर विकणाऱ्या एका ऑफिसात प्रोग्रॅमर होते. मूळची निपाणीची. आईनं विड्या वळून शिकवलेलं, त्यामुळं नोकरी जाईल का हा घोर कायम. वडगावच्या परशराम आप्पांचे आठ माग होते. त्यांना साडीचा काठ विणण्याआधी रंगात बघायचा होता. साहेब "बघा की" म्हणून मोकळे झाले. डेमो शनिवारी. आज गुरुवार. मशीन आप्पांच्या मागांशेजारीच मांडलं होतं.

काठाचं डिझाईन चौकटीच्या कागदावर काढतात. एकजण ओळी वाचतो, दुसरा त्याप्रमाणं पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतो. कुठला धागा उचलायचा हे मागाला त्या भोकांवरून कळतं.

आमचं मशीन टीव्हीला जोडायचं, घरगुती. सगळी मेमरी बत्तीस हजार अक्षरांची. मोबाईलमधल्या आजच्या एका फोटोला तशी शंभर मशीनं लागतील. बारीक, चार रंगांचं चित्र दाखवायचं तर वीस हजार स्क्रीनच खायचा. मशीनचा स्वतःचा कारभार आणि माझा प्रोग्रॅम वजा जाता डिझाईनला तीन हजार उरायची. मोरांच्या काठाला, कितीही दाबून भरलं तरी, बारा हजार लागत होती.

मी जाड ठिपक्यांचा मोड लावला. स्क्रीनची भूक निम्म्यावर आली. पण कागदावरचं एकाआड एक घर गाळावं लागलं.

आप्पांची डिझाईनं शांताक्का काढायच्या. वीस वर्षं तेच काम. त्या पडद्याजवळ आल्या, डोळे बारीक केले.

"ह्यो मोर न्हाय बाई. बदक हाय."

साहेब बाहेर निघून गेले. मी डोकं धरून बसले. शांताक्कांनी मला चहा दिला आणि आपल्या कामाला लागल्या. शेजारी कार्डं पाडणारा बसला होता, त्याला त्या ओळ वाचून दाखवत होत्या. "चार लाल, दोन सोड, सात पिवळे, एक सोड..."

मी चहा खाली ठेवला.

"आक्का, एकेक घर का वाचत नाही?"

"येडी का काय! सात पिवळे एका दमात सांगता येत्यात, तर सात येळा कशाला बोंबलू?"

"आणि कागद अर्धाच का?"

"मोर समोरासमोर हाईत की. ह्यो काढला, त्यो ह्याच्या उलटा."

घरं साठवायचीच नाहीत. रंग आणि आकडा साठवायचा. दुसरा मोर पडद्यावर काढताना उलटा काढायचा. हिशेब केला. बारीक चित्र ठेवूनही तीन हजारांच्या आत, जेमतेम.

शुक्रवारी त्या वाचत होत्या, मी टाईप करत होते. दोनशे चाळीस ओळी. लाईट दोनदा गेली. टेपच्या कॅसेटवर साठवलेलं तेवढं टिकलं, बाकीचं पुन्हा टाईप केलं. मान धरली, बोटं बधिर झाली. माझ्याच चुका सापडाव्यात म्हणून मी एक तपासणी घातली होती: अर्ध्या काठाच्या ओळीत शंभर घरं, म्हणून प्रत्येक ओळीची बेरीज शंभर यायलाच हवी. एका ओळीला नव्व्याण्णव आली. त्यांनी परत वाचली. अठ्ठ्याण्णव. मी कागद हातात घेतला. पिवळी घरं नऊ होती. त्या आधी आठ म्हणाल्या होत्या, आता सात.

पुढं आणखी चार ओळींना तेच झालं.

"डोळ्यावर पडदा आलाय गं," त्या हळू म्हणाल्या. "आप्पास्नी सांगू नको. कार्डं बिघडली तर माझ्या जागी कोल्हापूरचा माणूस आणत्यात."

"नाही सांगत. पण तुम्ही डोळे दाखवा."

"व्हय."

उरलेल्या ओळी मीच वाचल्या, मीच टाईप केल्या.

शनिवारी मोर पडद्यावर ओळीओळीनं उतरले, सावकाश. मागावरची माणसं उठून आली. "लई भारी!" आप्पा म्हणाले. साहेबांना जोर चढला. पाच ओळी चुकल्या होत्या, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. "चूकसुद्धा पकडतं आमचं मशीन. काल पाच पकडल्या."

"कुणाच्या?"

शांताक्का खाली बघत होत्या.

"माझ्या," मी म्हणाले. "टाईप करताना."

आप्पांनी थोडा विचार केला. "म्हंजे कार्डं हातानंच पाडायची. वर मशीनपाशी एक माणूस ठेवायचा, आन् तो बी चुकणार. नगं साहेब."

परतताना साहेब म्हणाले, "गप्प बसायला काय झालं होतं तुला?" त्यानंतर वर्षभर मला डेमोला नेलं नाही. बिघडलेल्या कॅसेटी तपासायला बसवलं.

शांताक्कांनी दिवाळीनंतर डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. आणखी सहा-सात वर्षं काठ काढले. आप्पांना शेवटपर्यंत काही कळलं नाही.

पुढं मोठी मशीनं आली, मेमरी वाढत गेली. पण नवीन पोरांना मी अजून तेच सांगते: जागा कमी असली की काय ठेवायचं ते नंतर बघा, काय नोंदवायचं नाही ते आधी ठरवा.