आदर्श शेतकरी आणि विणकामाची सुई

माणसाची खरी पारख अटींवर होते. अटी जितक्या कडक, तितका हाती लागणारा माणूस अस्सल. ही पारख मी स्वतः केलेली आहे, समुद्रपूरच्या एका सरकारी कचेरीत, स्वेटर विणायच्या सुईनं.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. आमचे साहेब कुठल्याशा प्रशिक्षणाहून नवी विद्या घेऊन आले होते. पाहणीतल्या प्रत्येक कुटुंबाचं एक कार्ड. कार्डाच्या कडेला भोकं, एकेका प्रश्नाचं एकेक. उत्तर 'हो' असेल तर ते भोक कात्रीनं कडेपर्यंत कापायचं. मग अख्ख्या गठ्ठ्याच्या त्या भोकातून सुई घालून गठ्ठा उचलायचा. 'हो'वाली कार्डं खाली पडतात, 'नाही'वाली लटकून राहतात. पडलेली गोळा करून पुढच्या भोकात सुई. हे समजावताना साहेब आवाज खाली आणत, गाभाऱ्यात आणतात तसा.

सुई टायपिस्ट बाईंची होती. समुद्रपूरच्या उन्हाळ्यात त्या स्वेटर का विणत, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

एक दिवस वरून पत्र आलं. आदर्श शेतकऱ्याचं नाव कळवा, सत्कार करायचा आहे. अटी पाच: मालकीचं शेत, विहिरीवर पंप, गोबरगॅस, घरी संडास आणि मुलं दोनच. पाचही एकाच माणसात हव्यात. साहेब मला म्हणाले, "नाव चारच्या गाडीनं वर्ध्याला गेलं, तर तुमचा बदलीचा अर्जही त्याच पाकिटात जाईल. शिफारशीसकट."

मी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेहून रोज एसटीनं ये-जा करत होतो आणि माझी मुलगी मला फक्त रविवारी ओळखत असे. मी सुई उचलली.

शेत म्हटल्यावर ढीगभर कार्डं पडली. पंपाला ओंजळभर. गोबरगॅसला सात, संडासला दोन. मुलांच्या अटीला ती दोन्ही सुईवर ऐटीत लटकून राहिली. दोन्ही घरांत मिळून अकरा मुलं होती.

"उलट्या क्रमानं लावून बघा," साहेब म्हणाले.

लावलं. पुन्हा शून्य.

"साहेब, उलटी घाला का सुलटी," बाई म्हणाल्या, "जो माणूसच नाई तो कुठून पडन?"

मग साहेबांनी ठरवलं, पाचांपैकी कुठलीही एक अट पुरे. कार्डांचा नुसता पाऊस पडला. टेबलावर, खुर्चीवर, पंख्याच्या वाऱ्यानं थेट व्हरांड्यात. साहेब त्या पसाऱ्याकडे बघत गंभीरपणे म्हणाले, "इतक्या शाली मंजूर होणार नाहीत." मी हसायला लागलो आणि थांबेनाच.

"काऊन हासून राह्यले, बाबूजी? बदली पाह्यजे ना तुमाले?" बाईंनी विचारलं.

पाहिजे होतीच. त्यानं आणखीच हसू आलं. बाईंनाही आलं.

सव्वातीन झाले. आता एकेक अट गाळून बघायची होती. मुलांची अट पत्रात लाल शाईनं अधोरेखित होती, तिला हात लावायचा नव्हता. पंप गाळला, शून्य. संडास गाळला, शून्य. गोबरगॅसचं उद्दिष्ट खुद्द साहेबांचं. तोही त्यांनी जड मनानं गाळला. शून्यच.

"मंग शेताचीच अट काढून पाहा ना," बाई म्हणाल्या.

मी सुई घातली, उचलली, हलवली. एकच कार्ड सुटलं आणि गिरक्या घेत साहेबांच्या बुटावर पडलं. आम्ही तिघंही ओरडलो. एका गावचा किराणा दुकानदार. परसात विहीर, तिच्यावर पंप, दोन म्हशींवर चालणारा गोबरगॅस, पक्का संडास, एक मुलगा, एक मुलगी. शेत, गुंठाभरसुद्धा नाही.

साहेबांनी कार्ड बराच वेळ न्याहाळलं. "पाचांपैकी चार," ते म्हणाले. "म्हणजे ऐंशी टक्के. फर्स्ट क्लास आहे." त्यांनी सही केली. पाकीट घेऊन मी स्टँडवर असा धावलो, की कंडक्टरनं घंटी मारून थांबवलेली गाडी माझ्याच नावानं सुटतेय असं वाटावं.

सत्कार झाला, बदलीही झाली. वर्ध्याच्या कचेरीत पहिल्याच दिवशी माझ्यापुढे एक फाईल आली. आदर्श शेतकऱ्याला बक्षीस दिलेलं संकरित कापसाचं बियाणं त्यानं पेरायला जागा नसल्याचं कळवून एसटीनं परत पाठवलं होतं आणि पोतं कुठे ठेवावं, याबद्दल माझा अभिप्राय मागवला होता.